सान हुआन पाणबुडी: शेवटच्या संदेशानंतर नेमकं काय अज्ञात राहिलं?

प्रश्न असा आहे: १५ नोव्हेंबर २०१७ रोजी अर्जेंटिनाच्या नौदलाची 'एआरए सान हुआन' ही पाणबुडी ४४ जणांसह बेपत्ता झाली. वर्षभराने ती ९०७ मीटर खोलीवर सापडली, छायाचित्रं आली, संसदेच्या समितीनेही चौकशी केली. मग ती का बुडाली हे अजून छातीठोकपणे का सांगता येत नाही?

यातला बराचसा भाग सांगता येतो. ती कुठे बुडाली, किती वाजता फुटली, साधारण किती खोलीवर फुटली, फुटण्याआधी आत हवा होती की पाणी, आणि त्या दिवशी सकाळी बोटीत काय बिघडलेलं होतं, हे बऱ्यापैकी माहीत आहे. अज्ञात आहे तो शेवटचा संदेश आणि पाण्याखाली नोंदला गेलेला आवाज यांच्यामधला काही तासांचा काळ. लोक 'गूढ' म्हणतात ते एवढंच आहे. त्या तासांत काय झालं असेल याचे पर्यायही मोजकेच आहेत, कारण त्यातले बरेच भौतिकशास्त्रच बाद करतं.

आधी बोटीबद्दल. सान हुआन ही जर्मनीत एम्डेन इथे बांधलेली टीआर-१७०० वर्गातली डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी, १९८५ पासून सेवेत. लांबी ६६ मीटर. पृष्ठभागावर वजन २,११६ टन आणि बुडालेल्या स्थितीत २,२६४ टन. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे जेमतेम १५० टन, आणि बॅलास्ट टाक्या (पाणी भरून बोट बुडवायच्या आणि ते काढून वर आणायच्या टाक्या) पूर्ण रिकाम्या केल्या तरी तरंगण्यासाठी मिळणारी शिल्लक तेवढीच. आत ९६० लेड-अ‍ॅसिड सेल. २००८ ते २०१४ दरम्यान ब्वेनोस आयरेसमध्ये बोट मधोमध कापून दुरुस्ती केली, त्यात बॅटऱ्याही नव्याने भरल्या. 'जुनाट बोट होती म्हणून बुडाली' हे उत्तर म्हणूनच अपुरं आहे. तिचं अर्धं आयुष्य ताजं होतं, अर्धं नव्हतं, आणि अशा बोटीत दोष कुठे शोधायचा हे ठरवणं उलट अवघड जातं.

आता तो संदेश. त्याचा मथितार्थ असा: वायुवीजन व्यवस्थेतून समुद्राचं पाणी तीन नंबरच्या बॅटरी टाकीत शिरलं, त्याने बॅटरीच्या बसबारवर, म्हणजे सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, शॉर्टसर्किट झालं आणि आग धरू लागली. पुढच्या बॅटऱ्या बंद आहेत. विभागलेल्या सर्किटवर पाण्याखालून प्रवास चालू आहे. माणसं ठीक आहेत, पुढची माहिती कळवू.

डिझेल बोट बॅटरी चार्ज करताना पेरिस्कोपच्या खोलीवर येते आणि स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढते. इंजिनं त्या नळीतून हवा ओढतात. नळीच्या टोकाला एक झडप असते. लाट वरून गेली की ती बंद होते, लाट उतरली की उघडते. ती बंद असतानाही इंजिनं हवा ओढतच असतात, फक्त ती बोटीच्या आतली. दाब उतरतो, कानाचे पडदे ताणले जातात. समुद्र शांत असेल तर हे अधूनमधून होतं. त्या रात्री लाटा सहा मीटरहून उंच होत्या, म्हणजे झडप सतत आपटत असणार. दर वेळी थोडं पाणी नळीत उतरतं. ते खालच्या निचऱ्यात जमावं आणि तिथून उपसलं जावं अशी रचना असते, कारण टोकाची झडप शंभर टक्के पाणी अडवते असं कोणीच गृहीत धरत नाही.

मग पाणी बॅटरीपर्यंत कसं पोचलं? बॅटरी टाकीलाही हवा खेळती लागते, कारण चार्ज होताना सेल हायड्रोजन सोडतात. ती वायुवीजनाची वाट आणि स्नॉर्केलची वाट एकमेकींना कुठे ना कुठे जोडलेल्या असतात, मध्ये अलग करणाऱ्या झडपा असतात. यातली एक झडप नीट बसली नाही, तिच्या रबरी सीलमध्ये काही अडकलं किंवा ती चुकून उघडी राहिली, तर निचऱ्यात जायचं पाणी वायुवीजनाच्या नळातून सरळ सेलच्या डोक्यावर जातं. बोट बुडवण्यासाठी हे पाणी अगदीच किरकोळ. काहीशे लिटर असेल तरी वजनाच्या हिशेबात कोणाच्या लक्षात येणार नाही. ते पडतं कुठे, याला महत्त्व आहे.

बॅटरीला खरा 'ऑफ' स्विच नसतो. ब्रेकर उघडला तर बाहेरचं सर्किट तुटतं, पण आतल्या सेलच्या टोकांवर व्होल्टेज कायम असतं. १२० सेल ओळीने जोडले की साधारण २४० व्होल्ट डीसी होतात. सेलच्या वर तांब्याच्या पट्ट्या, त्यांवर खारट पाणी, आणि बोट लाटांवर हेलकावे खाते आहे. डबकं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातं आणि ज्या दोन पट्ट्यांमध्ये कधीच संबंध यायला नको त्यांना जोडत जातं. ठिणगी, धूर, आग. पाणी स्थिरावल्यावर ज्वाला विझते, पण गळतीचा प्रवाह चालूच राहतो. तो खाऱ्या पाण्याचं विघटन करतो आणि त्यातून एकीकडे क्लोरीन सुटतो, दुसरीकडे हायड्रोजन. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपुढे गेला की पेटू शकतो, म्हणून बोटीवर त्याच्या बऱ्याच अलीकडे धोक्याची रेषा आखलेली असते.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. एका अँपिअर-तासाला साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन सुटतो. गळतीचा प्रवाह १,००० अँपिअर धरला तर तासाला ४२० लिटर. टाकीत सेलच्या वर ३० घनमीटर मोकळी जागा धरली तर ४ टक्के म्हणजे १,२०० लिटर, आणि तिथे पोचायला तीन तासांच्या आत-बाहेर लागतील. यातला प्रवाह आणि जागा हे उदाहरणाला धरलेले आकडे आहेत, सान हुआनचे मोजलेले नाहीत. पण असा वायू काही मिनिटांत किंवा काही दिवसांत नव्हे, काही तासांत जमतो हे त्यातून कळतं.

या टप्प्यावर कप्तानापुढे आलेला पेच बाहेरून टीका करणारे सहसा लक्षात घेत नाहीत. हायड्रोजन बाहेर काढायचा तर वायुवीजन चालू हवं, म्हणजे वर स्नॉर्केलच्या खोलीवर हवं, आणि पाणी आलं ते त्याच वाटेने. वाट बंद केली तर पाणी थांबतं पण वायू कोंडतो. वर राहिलं तर हेलकाव्यांत टाकीचं झाकण उघडून माणूस आत उतरवता येत नाही. खाली गेलं तर बोट स्थिर होते, टाकी तपासता येते, पण वायू बाहेर सोडता येत नाही, तो आतल्या आत फिरवून पातळ करावा लागतो किंवा उत्प्रेरक बर्नरमध्ये जाळावा लागतो. थकलेले खलाशी, धूर झालेला कप्पा आणि डोक्यावर वादळ असताना खाली शांत पाण्यात जाणं हा निर्णय त्या क्षणी अजिबात वेडेपणाचा नव्हता. पृष्ठभागावर राहून किनारा गाठावा असं नंतर अनेकांनी म्हटलं. गोल अंगाची पाणबुडी सहा मीटरच्या लाटांत किती लोळते हे पाहिलेला माणूस ते इतक्या सहज म्हणणार नाही.

आता 'विभागलेलं सर्किट'. एरवी पुढचे आणि मागचे बॅटरी गट मिळून मुख्य मोटरला वीज देतात. पुढचा गट बाद झाला की मोटर मागच्या गटावर चालवायची. बोट चालते, पण वेग आणि राखीव ताकद दोन्ही घटतात. आणि पाणबुडीत वेग फक्त पुढे जाण्यासाठी नसतो. बोट थोडी जड झाली तर आडव्या पंखांना कोन देऊन वेगाच्या जोरावर खोली टिकवतात. वेग गेला की पंख निकामी. जड बोट आणि मंद वेग एकत्र आले की उरतो एकच उपाय, बॅलास्ट टाक्यांत उच्चदाबाची हवा सोडून पाणी बाहेर ढकलणं.

तो उपायही खोलीबरोबर झपाट्याने दुबळा होतो. १५० घनमीटर टाक्या रिकाम्या करायला २० मीटरवर ४५० घनमीटर साधी हवा लागते, कारण तिथला दाब तिप्पट असतो. २०० मीटरवर दाब एकवीसपट, म्हणजे ३,१५० घनमीटर. सिलिंडरमधली हवा तेवढीच असते. १९६३ मध्ये अमेरिकेची 'थ्रेशर' १२९ जणांसह गेली, तिच्यात हवा पुरेशी होती, पण हवेतल्या ओलाव्याने हवेच्या नळांतल्या जाळ्यांवर बर्फ धरला आणि वाट बंद झाली, असं नंतर धक्क्यावर उभ्या असलेल्या तशाच बोटीवर केलेल्या चाचणीत दिसलं. त्यातूनच 'सबसेफ' ही काटेकोर तपासणीपद्धत आली.

गळतीचं गणितही खोलीबरोबर बिघडतं. पाच सेंटिमीटर व्यासाच्या भोकातून १०० मीटरवर सेकंदाला ५० लिटरच्या आसपास पाणी येतं, म्हणजे मिनिटाला तीन टन. ३०० मीटरवर तेच पाच टनांच्या पुढे. शिवाय खोलीवर पाणबुडीचं अंग दाबाने किंचित आकसतं, तिचं आकारमान घटतं आणि ती आणखी काही टन जड होते. बोट एकदा घसरायला लागली की घसरण स्वतःलाच वाढवते. २,२६४ टनांची बोट ५० टन जड झाली तर पाण्याचा विरोध सोडून दिल्यास ३५० मीटर खाली जायला मिनिटभरही लागत नाही. विरोध धरला तरी काही मिनिटांचाच मामला. इतक्या वेळात मोटर परत चालू झाली नाही आणि हवा सोडली गेली नाही, तर पुढचं काहीही माणसाच्या हातात राहत नाही.

आता आवाजाकडे. अणुचाचणीबंदी कराराच्या यंत्रणेचे जलध्वनिग्राहक अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाजवळ आणि हिंदी महासागराच्या दक्षिणेला क्रोझे बेटांजवळ आहेत. घटनास्थळापासून पहिलं ठिकाण सुमारे ६,००० किलोमीटर, दुसरं सुमारे ८,००० किलोमीटर. दोन्हीकडे एकच कमी कंपनांचा ठोका नोंदला गेला. त्यावरून घटनेची वेळ निघाली १३:५१ जीएमटी, म्हणजे तिथले सकाळचे १०:५१. ही माहिती जाहीर व्हायला आठवडा उलटून गेला, पण नोंद पहिल्याच दिवशी झाली होती. पुढे १ डिसेंबरला अर्जेंटिनाने त्याच भागात मोजूनमापून एक स्फोटक भार टाकला, त्याचा आवाज त्याच ग्राहकांवर कसा उमटतो ते पाहिलं आणि दोन नोंदी शेजारी ठेवल्या.

अमेरिकी नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात पाणबुड्यांच्या आवाजाचं विश्लेषण करणारे ब्रूस रूल यांनी या ठोक्यावरून मांडलेले आकडे सगळीकडे फिरतात: फुटण्याची खोली ३८८ मीटर, दाब चौरस इंचाला ५७० पौंड, सुमारे ४० मिलिसेकंदांत अंतर्स्फोट (बाहेरच्या दाबाने कवच आत चेपलं जाणं) पूर्ण, ऊर्जा साडेबारा हजार पौंड टीएनटीएवढी. दाबाचा आकडा खोलीशी चोख जुळतो, ३८८ मीटरवर ३९ बार येतो (एक बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरच्या हवेचा दाब). ऊर्जेचा आकडा मात्र मी मोठ्या अक्षरात लिहिणार नाही. ३९ बारला बोटीचं सगळं आकारमान, २,२०० घनमीटर, गुणलं तर सुमारे ८.६ अब्ज ज्यूल होतात, म्हणजे दोन टन टीएनटी. पाण्याखालच्या टीएनटी स्फोटातली साधारण निम्मीच ऊर्जा बुडबुड्यात जाते, हे धरून तुलना केली तरी चार टन. रूल यांचे साडेबारा हजार पौंड म्हणजे ५.७ टन. तेव्हा 'चार ते सहा टनांचा ठोका' एवढं म्हणावं. ठोक्याच्या कंपनसंख्येत ऊर्जा आणि खोली एकत्र गुंतलेल्या असतात, एकाच समीकरणात दोन अज्ञातं. म्हणून खोलीच्या आकड्यालाही थोडं मागेपुढे धरावं.

तरी या ठोक्यातून एक गोष्ट निर्विवाद कळते. अंतर्स्फोट व्हायला आत हवा लागते. पाण्याने भरलेली बोट फुटत नाही, ती तशीच तळाशी जाऊन बसते. सान हुआन मोठा ठोका देऊन फुटली, म्हणजे ३८८ मीटरच्या आसपास पोचेपर्यंत तिच्यात बरीच हवा होती आणि दाब सोसणारं मुख्य कवच शाबूत होतं. बाहेरून पाणतीर, सुरुंग, दुसऱ्या जहाजाची धडक या साऱ्या कथा इथेच गळतात. वरच्या पाण्यात कवच फाटून बोट भरली असती तर हा आवाज आला नसता. टीआर-१७०० ची चाचणी-खोली, म्हणजे चाचणीत उतरवायची कमाल खोली, ३०० मीटर. ३८८ म्हणजे कवचाने जेवढं सोसायचं त्याहून जास्तच सोसलं. पोलादाला दोष देण्यात अर्थ नाही.

४० मिलिसेकंद हा वेळ मेंदूला काही घडल्याचं जाणवायला लागतो त्यापेक्षा कमी आहे. बोट पहिल्याच दिवशी फुटलेली असूनही त्या आठवड्यात 'हातोडीचे आवाज आले', 'सात दिवसांचा प्राणवायू आहे' अशा बातम्यांवर कुटुंबीयांना झुलवत ठेवलं गेलं. तसंही अडकलेल्या बोटीत आधी संकट कार्बन डायऑक्साइडचं येतं. ४४ माणसं तासाला जवळपास एक घनमीटर सोडतात. १,५०० घनमीटर हवेत शोषक रसायन न वापरता दोन दिवसांत तो ३ टक्क्यांवर जातो.

मग उरलेल्या काही तासांसाठी पर्याय किती? माझ्या हिशेबाने दोनच दमदार. पहिला: टाकीत साचलेला हायड्रोजन पेटला किंवा शॉर्टसर्किट पुन्हा झालं, धुराने आणि वायूने नियंत्रणकक्षातली माणसं निकामी झाली, वीज गेली आणि कोणी न हाताळलेली बोट खाली गेली. दुसरा: पाणी पुन्हा शिरलं, मागचा गटही बाद झाला किंवा मोटर बंद पडली, बोट जड झाली, आणि हवा सोडायचा आदेश उशिरा दिला गेला किंवा पुरला नाही. मला पहिला जास्त संभवनीय वाटतो. शुद्धीवर असलेले पाणबुडीवाले घसरण सुरू होताच टाक्यांत हवा सोडतात, ते त्यांच्या हातात मुरलेलं असतं. चारदोन मिनिटं कोणीच काही करू शकलं नाही, हे पहिल्या पर्यायात सहज बसतं. पण हा कल आहे, पुरावा नाही. अंतर्स्फोटाआधी आत छोटा स्फोट झाला असता तर त्याचा आवाज यायला हवा होता असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. कवचाच्या आत कोंडलेला छोटा हायड्रोजन स्फोट ६,००० किलोमीटरवर ऐकू यावा ही अपेक्षाच जास्त आहे.

अमेरिकेच्या 'स्कॉर्पियन' पाणबुडीच्या बाबतीत हे वेगळं होतं. मे १९६८ मध्ये अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येला ती ९९ जणांसह गेली. तिथे ग्राहक त्यामानाने जवळ, कॅनरी बेटांपाशी होते. कवच फुटण्याच्या बावीसएक मिनिटं आधीचे दोन लहान आवाज रूल यांनी त्या नोंदींतून वेगळे काढले आणि ते बॅटरीतल्या हायड्रोजनचे आहेत असं मांडलं. त्याच बोटीबद्दल अमेरिकी नौदलाचे शास्त्रज्ञ जॉन क्रेव्हन यांचा कौल पाणतीरातल्या बिघाडाकडे होता. आवाज आणि अवशेष तेच, माणसं दोन्ही तयारीची, निष्कर्ष दोन. नौदलाच्या चौकशी न्यायालयाने कारण निश्चित करता येत नाही असंच लिहिलं.

सांगाड्यावरून का कळत नाही, याचं उत्तर अंतर्स्फोटातच आहे. हवा १ बारवरून ३९ बारवर क्षणात दाबली गेली की तिचं तापमान सैद्धांतिक हिशेबाने साडेपाचशे अंशांच्या वर जातं. बॅटरी टाकी, वायर, पॅनेल, झडपांचे दांडे हे सगळं चुरगाळून, भाजून, एकात एक ठासून निघतं. आधीची आग आणि नंतरची भाजणूक वेगळी काढणं मग जवळपास अशक्य. ओशन इन्फिनिटी कंपनीच्या 'सीबेड कन्स्ट्रक्टर' जहाजाने १६ नोव्हेंबर २०१८ रोजी शोध लावला, तेव्हा कवच आत चेपलेलं होतं, प्रोपेलर आणि वरचा मनोरा सुटून बाजूला पडले होते. बाहेरून कॅमेऱ्याने दिसलं ते एवढंच. बोट वर काढलेली नाही.

मुंबईच्या वाचकांना याची उलट बाजू माहीत आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत भारतीय नौदलाच्या 'सिंधुरत्न' पाणबुडीमध्ये मुंबईपासून दूर समुद्रात बॅटरीच्या कप्प्याकडे धूर झाला आणि दोन अधिकारी गेले. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी पद सोडलं. बोट परत आली, म्हणून वायर न् वायर तपासता आली. 'सिंधुरक्षक'मध्ये २०१० साली विशाखापट्टणमला बॅटरीच्या हायड्रोजनने एक बळी घेतला होता. तीच बोट १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या नौदल गोदीत शस्त्रास्त्रांच्या स्फोटांनी बुडाली, १८ जण गेले. पण धक्क्याला बुडाली म्हणून पुढच्या वर्षी वर काढता आली आणि चौकशीला हातात धरता येईल असं काहीतरी मिळालं. ९०७ मीटर खोलीला ती सोय नाही. शिवाय सान हुआन उथळ पाण्यात अख्खी बसली असती तरी वेळ पुरला असताच असं नाही. भारताने २०१८ मध्ये मुंबईत घेतलेलं बचावयान ६५० मीटरपर्यंत उतरतं आणि एका खेपेत १४ माणसं आणतं, पण ते आधी जागेवर न्यावं लागतं.

कोणी पुन्हा खाली उतरलंच, तर कवचाच्या आत शिरायच्या फंदात न पडता तीन गोष्टी बघाव्यात. स्नॉर्केलचा खांब वर आहे की खाली: वर असेल तर बोट शेवटी चार्जिंगच्या खोलीवर होती आणि 'शांत पाण्यात टाकी तपासत होते' हे गृहीतक पडतं. मागचे पंख कोणत्या कोनात अडकले आहेत: पूर्ण वर वळवलेले असतील तर कोणीतरी शेवटपर्यंत बोट उचलायचा प्रयत्न करत होतं, म्हणजे माझा पहिला पर्याय कमजोर होतो. आणि उच्चदाब हवेच्या बाहेरच्या सिलिंडरांच्या झडपा: उघड्या असतील तर हवा सोडली गेली पण पुरली नाही, बंद असतील तर सोडलीच गेली नाही. पंख आणि झडपा आपटल्याने हललेल्या असू शकतात, म्हणून एकट्या कशावर विसंबू नये. तिन्ही एकाच दिशेने बोलले तर मात्र त्या तासांबद्दलचा वाद बराच मिटेल.